लवंगेचं तेल: काढणं, पारखणं आणि थेंब मोजून वापरणं

तेल काढायला घेण्याआधी लवंग नखाने दाबून पाहावी. भरलेल्या लवंगेचा देठ दाबला की नखावर तेलाचा ओलसर ठिपका उठतो. दुसरी पारख पाण्याची. चांगली लवंग पाण्यात टाकली तर डोकं वर करून उभी राहते किंवा सरळ तळाला जाते. तेल आधीच काढून घेतलेली पोकळ लवंग आडवी तरंगत राहते. असा निकामी झालेला माल वाळवून चांगल्या लवंगेत मिसळला जातो, त्यामुळे मूठभर लवंगांवर हा प्रयोग करून मगच पुढे जावं. मूठभरातल्या निम्म्या आडव्या झाल्या तर त्या लवंगेवर इंधन जाळण्यात अर्थ नाही.

लवंगेच्या झाडापासून तीन प्रकारची तेलं निघतात: कळीचं, देठांचं आणि पानांचं. वाळलेल्या कळीत वजनाच्या साधारण १५ ते १८ टक्के तेल असतं, देठांत ५ ते ७ टक्के आणि पानांत २ ते ३ टक्के. तिन्हींत मुख्य द्रव्य एकच, युजेनॉल. कळीच्या तेलात ते साधारण ७५ ते ८५ टक्के असतं, देठाच्या तेलात त्याहून जास्त. मग कळीचंच तेल का काढायचं? कळीच्या तेलात युजेनिल ॲसिटेट आणि बीटा-कॅरियोफायलीन ही बाकीची मंडळी पुरेशी असतात, त्यामुळे वास गोलसर आणि गोडसर लागतो. पानांच्या तेलाचा वास उग्र आणि औषधी असतो. कपाटात बोळा ठेवायचा असेल तर पानांचं चालतं. तोंडात आणि अंगाला लावायला मात्र कळीचं घ्यावं.

लवंग कुटायची ती भरड, एकेका कळीचे चार-पाच तुकडे होतील इतपतच. अख्खी ठेवली तर वाफ आतल्या तेलपेशींपर्यंत पोचायला फार वेळ घेते. पीठ केलं तर ते पाण्यात गोळा होऊन तळाला बसतं, फेस वर चढतो आणि तळ लागतो. मिक्सर सलग चालवला तर भांडं तापतं आणि तेल हवेत जातं. झाकण उघडताच खोलीभर घमघमाट सुटला, तर तो बाटलीत येणाऱ्या तेलाचा घमघमाट असतो. दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत आणि कुटलेली लवंग लगेच भांड्यात घालावी. काल कुटून ठेवलेली लवंग आज वापरली की उतारा कमी पडतो.

छोट्या घाण्याचं प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम भरड लवंग, १ लिटर पाणी आणि २ लिटरचा काचेचा गोल फ्लास्क. फ्लास्क निम्म्याहून थोडाच जास्त भरावा, कारण पहिल्या वीस मिनिटांत फेस हमखास येतो. तो कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ गार करून तिचं पाणी करणाऱ्या दुहेरी नळीत, शिरला तर तपकिरी पाणी थेट तेलात उतरतं आणि घाणा पुन्हा सुरू करावा लागतो. पाण्यात चिनीमातीचे चार-पाच खडे टाकले की उकळी एकसारखी येते, आचके बसत नाहीत. कंडेन्सरचं गार पाणी खालच्या तोंडातून आत आणि वरच्या तोंडातून बाहेर, असंच जोडायचं. उलट जोडलं तर आवरण पूर्ण भरत नाही आणि वाफ तशीच निसटते. शेवटची नळी कुठेतरी हवेला उघडी असलीच पाहिजे. सगळीकडून बंद केलेली मांडणी म्हणजे फुटायला टेकलेलं भांडं. लोखंडी भांडं यात कुठेही नको, कारण लोह आणि युजेनॉल एकत्र आले की तेल काळपट पडतं. काच किंवा स्टेनलेस स्टील वापरावं.

युजेनॉल एकटं उकळायचं तर सुमारे २५४ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण पाण्यासोबत ते १०० अंशांच्या जरा खालीच वाफेबरोबर निघून येतं. पाण्याच्या आणि तेलाच्या बाष्पदाबांची, म्हणजे त्यांच्या वाफेच्या दाबांची, बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं, आणि त्या वाफेत तेलाचा छोटा वाटा असतो. लवंगेच्या तेलाचा हा वाटा फारच छोटा, म्हणून काम सावकाश चालतं. निलगिरीसारखं हलकं तेल तास-दोन तासांत उतरून जातं. लवंगेला चार ते सहा तास धरून चालायचं. आच वाढवून वेळ वाचत नाही. वाफ जोरात आली तर कंडेन्सरला ती पेलवत नाही, गरम पाणी खाली येतं आणि तेल वासाच्या रूपाने खोलीत पसरतं. मिनिटाला २ ते ३ मिलिलिटर पाणी ठिबकेल इतकीच आच ठेवावी.

नवख्यांचा गोंधळ उडतो तो खालच्या भांड्यात. बहुतेक सुगंधी तेलं पाण्यावर तरंगतात, लवंगेचं तेल बुडतं. त्याची घनता साधारण १.०४ ते १.०६ असते. हलक्या तेलांसाठी बनवलेला क्लेव्हेंजर (तेल मोजनळीत साठवून पाणी फ्लास्कला परत पाठवणारं काचेचं उपकरण) जोडला तर तेल खालच्या परतीच्या नळीतून पुन्हा फ्लास्कमध्ये जातं आणि सहा तासांनंतरही मोजनळी रिकामीच दिसते. जड तेलासाठीचा क्लेव्हेंजर वेगळा मिळतो, तोच मागून घ्यावा.

घनतेतला हा फरक अगदी थोडा असल्यामुळे पाणी आणि तेल वेगळं व्हायला वेळ लागतो. खाली आलेलं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं. ते पांढरेपण म्हणजे न बसलेले तेलाचे बारीक कण. यावर मीठ टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट पाळला तर घोटाळा होतो. ७ टक्के मिठाच्या पाण्याची घनता १.०५ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तेलाइतकीच. एवढं मीठ घातलं की तेल धड खाली बसत नाही, धड वर येत नाही, मध्येच लोंबकळत राहतं. मीठ घालायचंच तर पाणी भरपूर खारट करावं, १०० मिलिलिटरला २५ ते ३० ग्रॅम. मग तेल उलट वर तरंगतं आणि वरून काढून घेता येतं. आम्हाला मात्र बिनमिठाचा, रात्रभर स्वस्थ ठेवण्याचा मार्गच बरा वाटतो. मीठ घातलेलं लवंगपाणी पुढे कशालाच कामी येत नाही.

ठिबकलेलं पाणी फेकायचं नाही. एका लिटर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम युजेनॉल विरघळलेलं राहतं. पाच तासांत ९०० मिलिलिटर पाणी बाहेर काढलं तर सव्वादोन ग्रॅम तेल नुसतं विरघळून गेलं, शिवाय दुधाळ कण वेगळेच. वर फ्लास्कमध्ये पाणी उरत नाही ते निराळं. लवंग तळाला करपते आणि तेलाला जळका वास लागतो, तो नंतर कशानेही जात नाही. क्लेव्हेंजरमध्ये पाणी आपोआप परत जातं. साध्या भट्टीवर दर ३०० मिलिलिटरनंतर तेल बसू द्यावं, ते खालून काढून घ्यावं आणि वरचं पाणी पुन्हा भट्टीत ओतावं. या फेऱ्यांचा एक बारीकसा परिणाम होतो. पाण्यात फार वेळ उकळल्याने युजेनिल ॲसिटेटचा काही भाग फुटून युजेनॉल बनतं. म्हणून पाण्यात उकळून काढलेलं तेल नुसत्या वाफेवर काढलेल्या तेलापेक्षा थोडं जास्त तिखट लागतं.

मोजनळीतली पातळी पहिल्या दोन तासांत भरभर वाढते, मग रेंगाळते. अर्ध्या तासात ती जागची हलली नाही की आच बंद करावी. १०० ग्रॅम चांगल्या लवंगेतून १२ ते १६ मिलिलिटर तेल मिळतं. १० च्या खाली आलं तर लवंग जुनी होती, आधीच पिळलेली होती किंवा कुठेतरी वाफ गळत होती. तेल निवळू दिल्यावर वेगळं करायच्या फनेलमधून खालचा थर काढून घ्यावा. त्यात राहिलेला पाण्याचा अंश घालवायला १० मिलिलिटरला ग्रॅमभर निर्जल सोडियम सल्फेट टाकून हलवावं. पूड गोळा होऊन चिकटली तर पाणी अजून आहे, चिमूटभर आणखी टाकावं. दाणे सुटे फिरायला लागले की कापसातून गाळावं. ताजं तेल जवळजवळ बिनरंगी ते फिकट पिवळं असतं. हवा आणि उजेड लागला की हळूहळू तपकिरी होतं.

विकत आणलेलं तेल असो की स्वतः काढलेलं, तीन चाचण्या घरी जमतात. पहिली, पाण्यात थेंब टाकणं. शुद्ध तेल बुडतं. पण ही चाचणी भोळी आहे. ०.९२ घनतेचं खाद्यतेल तीस टक्के मिसळलं तरी मिश्रणाची घनता १.०१ च्या आसपास राहते आणि थेंब बुडतोच. भेसळ चाळीस टक्क्यांवर गेली की मगच तो वर येतो. दुसरी कागदाची. टिपकागदावर थेंब टाकून दोन दिवस उघड्यावर ठेवावा. लवंगेचं तेल सावकाश उडतं, फार तर फिकट पिवळसर खूण राहते. उजेडात पारदर्शक दिसणारा तुपकट डाग राहिला तर त्यात स्थिर, म्हणजे न उडणारं तेल आहे. तिसरी सर्वांत भरवशाची: १ मिलिलिटर तेल ७० टक्के अल्कोहोलच्या २ मिलिलिटरमध्ये घालून हलवावं. शुद्ध तेल स्वच्छ विरघळतं, खाद्यतेल असेल तर गढूळ होतं. कळीच्या तेलात पानांचं तेल मिसळलेलं मात्र या तिन्हींत पकडलं जात नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि खाद्यतेलात लवंगा घालून मुरवलेलं तेल ही वेगळीच वस्तू आहे, बरीच सौम्य. पुढची प्रमाणं त्याला लागू होत नाहीत.

आता थेंब. १ मिलिलिटर म्हणजे २० थेंब असं धरायची पद्धत आहे. पण ड्रॉपरच्या तोंडाप्रमाणे ते २० ते ३५ पर्यंत कितीही भरतात. नवा ड्रॉपर आणला की मोजनळीत १ मिलिलिटर होईपर्यंत थेंब मोजावेत आणि तो आकडा बाटलीवर लिहून ठेवावा. एवढं केलं की पुढचं सगळं गणित ताळ्यावर राहतं.

अंगाला लावायला सुरक्षित मर्यादा ०.५ टक्के धरतात. ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात ०.१५ मिलिलिटर, म्हणजे २० चा हिशेब असेल तर ३ थेंब. पाहणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं आणि तो दहा थेंब घालतो. दुखऱ्या पाठीला किंवा गुडघ्याला तीन थेंबांतही ऊब जाणवते. दहा थेंबांत पहिल्या दिवशी बरं वाटतं, चौथ्या दिवशी पुरळ उठतं. युजेनॉल ॲलर्जी घडवणारं द्रव्य आहे. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचं नाव छापणं बंधनकारक आहे, तेही अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर गेलं की. एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्या प्रमाणालाही अंग बिथरतं. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला मिसळलेल्या तेलाचा एक थेंब लावून ४८ तास थांबावं. चेहरा, डोळ्यांभोवतीची जागा, फाटलेली किंवा इसबाची कातडी यांना हे तेल लावू नये. शुद्ध तेल अंगावर सांडलं तर आधी साध्या तेलाच्या बोळ्याने पुसावं, मग साबण लावावा. नुसत्या पाण्याने ते पसरतं.

दातदुखी हा या तेलाचा सर्वांत जुना आणि सर्वांत खरा उपयोग. युजेनॉल मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग अडवतं, त्यामुळे कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलची लुकदी दंतवैद्य एकोणिसाव्या शतकापासून तात्पुरत्या भरणीसाठी वापरत आले आहेत. कुवेतमधल्या २००६ सालच्या एका अभ्यासात हिरडीला सुई टोचण्याआधी लवंगेचं जेल आणि बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध लावून पाहिलं, तेव्हा दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला होता.

लावण्याची रीत अशी. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी आणि दातांच्या फटीत अडकलेला कण धाग्याने काढावा. पुष्कळदा निम्मं दुखणं तिथेच जातं. अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर खाद्यतेलात १ थेंब लवंगतेल मिसळावं. फारच कळ असेल तर २ थेंब. कापसाच्या काडीचं टोक त्यात बुडवून पिळून घ्यावं, ठिबकता कामा नये. टोक किडलेल्या खड्ड्यावर टेकवावं, हिरडीवर आणि गालाच्या आतल्या बाजूला नाही. आधी चुरचुरतं, मग पाच-दहा मिनिटांत बधिरपणा येतो. काडी काढून लाळ थुंकावी. दिवसात तीन-चार वेळांच्या वर नको आणि दोन दिवसांच्या वर तर नकोच.

गडबड होते ती हमखास एकाच जागी: शुद्ध तेलात भिजवलेला बोळा दाढेखाली धरून झोपणं. सकाळी हिरडीवर पांढरा चट्टा आणि त्याखाली जखम. युजेनॉल पेशी भाजतं आणि हिरडी बधिर झालेली असल्याने भाजतंय हे कळतही नाही. शिवाय कळ थांबली तरी कीड आणि पू जागेवरच असतात. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला तर तेल बाजूला ठेवून लगेच दंतवैद्याकडे जावं. गेल्यावर तेल लावल्याचं सांगावं. दाताच्या रंगाची रेझिनची भरणी युजेनॉलच्या सान्निध्यात नीट घट्ट होत नाही, तेल लावल्याचं माहीत असलं तर दंतवैद्य आधी खड्डा साफ करतात. कवळीवर आणि दात सरळ करायच्या प्लास्टिकच्या अलायनरवर हे तेल पडू देऊ नये, प्लास्टिक मऊ पडतं.

पोटात घ्यायचं का? आमचं उत्तर नाही, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने युजेनॉलची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोला २.५ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. एका थेंबात सुमारे ४० मिलिग्रॅम युजेनॉल असतं. ६० किलोच्या माणसाची मर्यादा साडेतीन-चार थेंबांत संपते, १० किलोच्या मुलाची जेमतेम अर्ध्या थेंबात. ५ ते १० मिलिलिटर तेल प्यायलेल्या लहान मुलांमध्ये बेशुद्धी, झटके आणि यकृत निकामी होण्याचे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेले आहेत. असं घडलं तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावं. यकृत वाचवायला तिथे ॲसिटिलसिस्टीन देतात. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना लवंगतेल चोळण्याचा सल्ला अजूनही फिरतो, तो कानाआड करावा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे तेल बंदच ठेवावं, कारण युजेनॉल रक्तातल्या प्लेटलेट्सना एकत्र येण्यापासून रोखतं. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घरातल्या कामांत तेल पाण्यात मिसळत नाही, हीच मुख्य अडचण. बाटलीत पाणी आणि वर दहा थेंब अशी फवारणी केली की तेल तळाला बसतं आणि पहिले फवारे शुद्ध तेलाचे, पुढचे सगळे पाण्याचे. १ मिलिलिटर तेल आधी ९० टक्क्यांच्या वरच्या २० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवून मग १८० मिलिलिटर पाण्यात हलवत ओतावं. दुधाळ द्रव तयार होतो. तरीही दर वेळी हलवून वापरावा. आचेजवळ फवारू नये. मुंग्यांची रांग आधी साबणाच्या पाण्याने पुसावी आणि मग त्या वाटेवर हा द्रव लावावा. वास एक-दोन दिवसांत विरतो, पुन्हा लावावा लागतो. भिंतीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी खरवडून, पुसून, वाळवून मग लावला तर ती परत यायला वेळ लागतो. पण ओल मुरत असेल तर कुठलंच तेल तिला थोपवत नाही. कुंडीतल्या पानांवर चुकूनही फवारू नये. लवंगतेल हे काही तणनाशकांतलं मुख्य द्रव्य आहे, पानं करपतात.

डासांच्या बाबतीत उत्साह आवरलेला बरा. ज्या चाचण्यांत लवंगतेलाने दोन-चार तास डास दूर ठेवले, त्यांत ते न मिसळता लावलेलं होतं, आणि तसं अंगाला लावणं शहाणपणाचं नाही. अर्ध्या टक्क्याला डास फारसे जुमानत नाहीत.

खोलीत वास करायला डिफ्यूझरमध्ये १-२ थेंब पुरे, अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. दमा असलेल्यांच्या आणि मांजरांच्या खोलीत नको. मांजराचं यकृत फिनॉल जातीची द्रव्यं नीट निकामी करू शकत नाही. प्लास्टिकचा डिफ्यूझर वापरून झाल्यावर अल्कोहोलने पुसला नाही तर आतून तडकतो.

तैलरंगात काम करणारे पॅलेटवरच्या रंगात याचा अंश मिसळतात, रंग दिवसेंदिवस ओला राहतो. कारण युजेनॉल जवसाच्या तेलाचं ऑक्सिडीकरण लांबवतं. जास्त पडलं तर चित्र महिनोन्‌महिने वाळत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या तयार करताना ऊतींचे काप पारदर्शक करायलाही हे तेल वापरलं जाई, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) १.५३ च्या आसपास, जवळपास काचेइतका आहे.

तेल तपकिरी काचेच्या छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावं, कारण वरची मोकळी हवाच ते काळं करते. रबरी बोंडाचा ड्रॉपर बाटलीवर लावून ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत रबर फुगून चिकट होतं आणि तेलात उतरतं. ठेवताना साधं घट्ट झाकण, लहान मुलांना न उघडणारं असेल तर उत्तम. थंड, अंधाऱ्या जागी तेल दोन-तीन वर्षं चांगलं राहतं. दाट आणि गडद तपकिरी झालं की तोंडासाठी वापरू नये, कपाटातल्या बोळ्याला ठेवावं. बोळा बशीत ठेवावा, पॉलिश केलेल्या लाकडाला तेल थेट लागलं तर डाग पडतो.

भट्टीतून शेवटी उरलेलं लवंगपाणी गाळून फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं. फरशी पुसायच्या बादलीत ते कपभर घालता येतं. वर तंतू किंवा साय दिसली की ओतून द्यावं.